बेल वाजवा आणि थांबा

गेल्या महिन्यात जुना फ्लॅट घेताना कोणती कागदपत्रं बघायची यावर इथे लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती कागदांबद्दल थोडी आणि माणसांबद्दल जास्त. घर विकायला काढलंय, आत अजून कुणीतरी राहतंय, आणि एजंट पार्टी, म्हणजे घर बघायला आलेलं गिऱ्हाईक, घेऊन दारात उभा आहे. बहुतेक पत्रं या एकाच प्रसंगाबद्दल होती. मी १९९४ ते २०२२ ठाण्याच्या नौपाड्यात घरांच्या खरेदी-विक्रीची एजन्सी चालवली. रिकाम्या जागा दाखवल्या त्याहून राहती घरं जास्त दाखवली. म्हणून हा महिना या पत्रांना.

मी घणसोलीत लिव्ह अँड लायसन्सवर राहते. ऐरोलीतल्या एका कंपनीत रात्रपाळी असते, सकाळी सातला येऊन झोपते. घरमालक पुण्याला असतात, त्यांनी फ्लॅट विकायला काढलाय. एजंटकडे दुसरी चावी आहे. गेल्या आठवड्यात सकाळी साडेअकराला तो तिघांना घेऊन सरळ आत आला. मी आतल्या खोलीत झोपले होते. जाब विचारला तर म्हणाला, "ओनरने सांगितलंय, मॅडम." कराराचे अजून पाच महिने आहेत. मला नाही म्हणता येतं का?
— घणसोली

येतं. आधी एक काम करा: आजपासून दाराला आतून कडी लावून झोपा. बाकीचं सावकाश होईल.

"ओनरने सांगितलंय" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. घर मालकाचं आहे, पण कराराच्या मुदतीत राहण्याचा हक्क तुमचा आहे. मालकाला स्वतःला जे करता येत नाही, ते करायची परवानगी तो एजंटला कुठून देणार? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २८ नुसार घरमालकाला जागेची पाहणी करता येते, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. त्या कलमात भाडेकरूबरोबर लायसन्सवर राहणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे "तुम्ही कुठे भाडेकरू, तुम्ही तर लायसन्सी, नुसत्या परवान्यावर राहणाऱ्या" हा युक्तिवाद इथे चालत नाही. आता मालकाने येऊन पाहणी करणं वेगळं आणि अनोळखी तिघांनी विकत घेण्यासाठी घर बघणं वेगळं. त्याबद्दल तुमच्या करारात काय लिहिलंय ते काढून वाचा. पुष्कळ करारांत शेवटच्या महिन्यात जागा दाखवू देण्याचं कलम असतं. तुमचे पाच महिने बाकी आहेत. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला, त्यात घरात येण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी असं म्हटलंय. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, पण "वाजवी" म्हणजे किती, हे समजून घ्यायला २४ तासांचं माप चांगलं आहे.

कायदा माहीत असावा, पण वापरायचा पहिला दिवस आजचा नाही. तुमच्या पत्रात डिपॉझिटचा उल्लेख नाही, तरी मला तो ओळींच्या मधे दिसतोय. भाडेकरू गप्प बसतात ते डिपॉझिट अडकलेलं असतं म्हणून. तेव्हा भांडण न करता मालकांना व्हॉट्सॲपवर लिहा. फोन करू नका, कारण फोनवरचं बोलणं दोघंही विसरतात. साधारण असं लिहा:

"नमस्कार. फ्लॅट दाखवायला माझी हरकत नाही. मी रात्रपाळी करून सकाळी झोपते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ५ ते ७, आणि रविवारी ११ ते १ या वेळेत दाखवता येईल. आदल्या दिवशी मला मेसेज करावा. मी घरी असतानाच दाखवावा. २१ तारखेला सकाळी एजंट न कळवता चावीने आत आले, तेव्हा मी झोपले होते. ती चावी कृपया परत घ्यावी."

तारीख तुमची घाला. या मेसेजमध्ये नकार कुठेच नाही, आणि तरी सगळं त्यात आलंय. चावी परत येत नसेल तर मालकांची लेखी परवानगी घेऊन तुमच्या खर्चाने लॅचचा सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो भाग, बदला, जुना जपून ठेवा, सोडताना परत बसवून द्या.

एजंटलाही यात तोटा नाही, हे त्याला सांगा. तुमच्या खोलीत झोपलेलं माणूस आहे म्हटल्यावर ते तिघं तीन मिनिटांत कुजबुजत बाहेर पडले असतील. त्यांनी नळ सोडून बघितला नाही, खिडकी उघडली नाही, घर बघितलंच नाही. दोन तासांच्या वेळेत तीन पार्ट्या एकामागून एक आणल्या तर जिन्यात एकमेकांना बघून त्यांचं मन लवकर ठरतं. माझे अर्ध्याहून जास्त रिसेल, म्हणजे जुन्या घरांचे सौदे, असेच झालेत.

यापुढेही तो चावीने आला, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा की तुमच्या होकाराशिवाय गेटवरून कुणाला वर सोडू नये. आणि कुणी पाणी किंवा वीज तोडण्याची भाषा केली, तर त्याच कायद्याचं कलम २९ मालकाला तसं करायला मनाई करतं. रेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, मात्र जाऊ नका. त्याचा कायदा विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहे, तुमच्या भाड्याच्या प्रश्नात तिथे दाद मिळणार नाही.

चाळीस वर्षं राहिलेलं घर विकतेय. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगी बंगळुरूला आहे. एजंट मुलगा चांगला आहे, पण सांगतो, "काकू, काकांचा हार घातलेला फोटो काढून ठेवा, पार्टीला बरं वाटत नाही." पार्टी आली की मी शेजारी जाऊन बसावं असंही म्हणतो. परवा त्याने मोबाईलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढला, देवघरासकट, आणि तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला. माझ्या भाचीलाही कुणीतरी पाठवला. मला फार वाईट वाटलं. मी जुन्या वळणाची आहे का?
— नौपाडा

नाही हो काकू. वाईट वाटायलाच हवं होतं.

फोटोचं आधी. काढायची इच्छा नसेल तर काढू नका. एजंट सांगतो त्यात थोडं तथ्य आहे, काही लोक हार बघून दारातच थबकतात, "घरात काय झालं" म्हणून वास्तूबद्दल विचारायला लागतात. पण अशा माणसाला तुमच्या घराची माहिती कळणारच आहे, कागदावर वारसांची नावं येणारच आहेत. फोटो काढून तो प्रश्न टळत नाही, थोडा पुढे ढकलला जातो. मी माझ्या पार्टीला लिफ्टमध्येच सांगायची: "काका दोन वर्षांपूर्वी गेले, काकू एकट्या असतात." ऐकून आत गेलेलं माणूस फोटोपाशी क्षणभर थांबतं, आणि मग घर बघतं.

व्हिडिओबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने ठाम आहे. तुमच्या त्या व्हिडिओत काय काय गेलं असेल बघा: दाराचं लॅच कसलं, खिडकीला ग्रिल आहे की नाही, कपाट कुठे, टीपॉयवर औषधं कोणती, आणि घरात एक बाई एकटी राहते. चोराला याहून जास्त काय लागतं? एजंटला उद्याच सांगा की ग्रुपवरून तो व्हिडिओ काढ. पुढे कुणाकडे गेला असेल तो परत येणार नाही, पण त्याच्याकडून तरी थांबेल. नवा काढायचा असेल तर तुम्ही समोर असताना, देवघराचं दार लावून, फोटो आणि चेहरे टाळून, दारावरच्या पाटीशिवाय. आणि पाठवण्याआधी तुम्हाला दाखवून. चांगला मुलगा असेल तर ऐकेल.

शेजारी जाऊन बसायचं का? इथे मी थोडी एजंटच्या बाजूला आहे. मालकीण समोर बसली की पार्टी मोकळेपणाने बोलत नाही. आणि खरं सांगू, घरमालकीण बोलायला लागली की थांबत नाही: हा ओटा कधी बदलला, या खिडकीतून पूर्वी काय दिसायचं, मुलीचं लग्न याच हॉलमध्ये कसं ठरलं. ते मला ऐकायला आवडायचं, पण पार्टीचं लक्ष घरावरून उडतं. तरीही घर सोडून जाऊ नका. स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत एका खुर्चीवर बसा, घर एजंट दाखवेल, तुम्हाला विचारलं तर उत्तर द्या. अगदीच नको वाटत असेल तर भाचीला बसवा. तुमच्या बाजूचं एक माणूस घरात पाहिजे.

दागिने, पासबुक, चेकबुक, आधार, औषधं हे सगळं एका पिशवीत घालून कुलपात. त्याबद्दल पार्टीवर संशय घेतल्यासारखं होईल असं मनात आणू नका. हे त्यांच्याही सोयीचं आहे, उद्या काही सापडेनासं झालं तर कुणाकडे बघायला नको.

वेळा तुम्ही ठरवा. दुपारी एक ते चार नाही, दिवेलागणीला नाही. गौरी-गणपतीत मी नौपाड्यातल्या घरांच्या व्हिजिट बंदच ठेवायची. मागोमाग येणाऱ्या पितृपक्षात पार्ट्या तशाही फिरकत नाहीत. दसऱ्याच्या आधीच्या आठ दिवसांत सगळे एकदम जागे होतात, तेव्हा तयार राहा.

आणि एक गोष्ट होणार आहे, तिची आधीच कल्पना असावी. कुणीतरी हॉलमध्ये उभं राहून म्हणेल, "ही भिंत पाडायची, हे किचन सगळं काढून टाकायचं." तुम्ही तिथेच बसलेल्या असाल. चांगला एजंट हे खाली बजावून आणतो. तुमच्या त्या एजंट मुलाला तेवढं सांगा, की पाडापाडीचं आणि भावाचं बोलणं गेटबाहेर गेल्यावर.

मी या धंद्यात नवीन आहे. कोलशेत रोड, ढोकाळी, मानपाडा या भागात रिसेल आणि भाड्याचं काम करतो. माझा प्रश्न उलटा आहे. पार्टी घरात शिरली की ऐकत नाही. कपाटं उघडतात, फ्रिज उघडतात, मुलं बेडवर उड्या मारतात. एक गृहस्थ बुटांसकट देवघरापर्यंत गेले. घरातली मंडळी माझ्याकडे बघतात आणि मी पार्टीला काही बोलू शकत नाही, कारण दलाली तिच्याकडून यायची असते. काय करावं?
— मानपाडा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मी अगदी अशीच होते.

पार्टीला घरात काही बोलायचं नसतं, खाली बोलायचं असतं. गाडीपाशी, लिफ्टच्या आधी. घरात शिरल्यावर टोकलं की अपमान वाटतो, आणि खाली सांगितलं की तीच माहिती होते. मी हे म्हणायची: "वर माणसं राहतात. चपला बाहेर काढूया. मी बेल वाजवते, त्या दार उघडतील. आपण पाचच जण आहोत ना? खोल्या मी उघडते. कपाटं आणि फ्रिज त्यांचे आहेत. नळ, फ्लश, खिडक्या तुम्ही खुशाल बघा. फोटो काढायचे असतील तर मी विचारते. किमतीचं वर नको." अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पावसाळ्यात छत्र्या कुठे ठेवायच्या तेही याच वेळी सांगा. एका ओल्या छत्रीने हॉलमध्ये जे तळं होतं ते त्या घरातली बाई पुढच्या वेळी दार उघडताना विसरत नाही.

काय उघडून बघायचं हा खरा प्रश्न आहे, कारण पार्टीचाही हक्क आहे. ती आयुष्याची कमाई घालणार आहे. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं दार उघडलंच पाहिजे, गळती तिथे दिसते. बाथरूमच्या मागची भिंत हात लावून बघितली पाहिजे. माळा, विजेचा बोर्ड, खिडकीच्या ग्रिलचा गंज, सगळं बघू द्या. भिंतीतली कपाटं घराबरोबर विकली जाणार असतील तर तीही बघायची, पण तिथे घरच्यांना म्हणायचं, "ताई, हे जरा तुम्ही उघडून दाखवता का?" त्यांना काही लपवायचं असेल, एखादा कप्पा आवरायचा असेल, तर त्या आवरतील. जे घरातल्यांबरोबर दुसऱ्या घरी जाणार आहे, त्याला हात नाही. गोदरेजचं कपाट, फ्रिज, पलंग, मुलांचं दप्तर. ही एवढी एकच रेघ पार्टीला समजावून सांगा, तिला ती पटते.

मुलं बरोबर असतील तर त्यांना काम द्या. "सगळ्या खोल्यांत मिळून पंखे किती आहेत मोजून ये बरं, पण कशाला हात न लावता." माझं हे कधी फसलं नाही.

आत जाताना पहिले तुम्ही, बाहेर पडताना शेवटचे तुम्ही. पार्टी दोन खोल्यांत विभागली गेली तर तुम्ही मधल्या दारात. निघताना घरच्यांसमोर एक चक्कर मारा: नळ बंद, पंखे बंद, खिडकी होती तशी, गॅलरीचं दार लावलेलं. आणि त्या संध्याकाळी घरच्यांना मेसेज करा, पार्टीला आवडलं की नाही. नाही आवडलं तरी सांगा. लोक दिवसभर घर आवरून वाट बघतात आणि एजंट पुन्हा थेट चौथ्या दिवशी नवी पार्टी घेऊन उगवतो. त्यांच्या तोंडावर जो थंडपणा येतो तो तिथून येतो.

आता ते सांगते, ज्याने मी हे सगळं शिकले. १९९९ सालची गोष्ट. पाचपाखाडीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलाने विकायला काढलेला. त्याने फोनवर वेळ दिली होती, मी वेळेवर गेले, चपला बाहेर काढल्या, सगळं रीतसर. हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं, आणि मागच्या खोलीचं दार ढकलून म्हणाले, "आणि ही मोठी बेडरूम." आत त्या मुलाचे वडील पलंगावर होते. अर्धांगवायू झालेला. सून त्यांचं अंग पुसत होती. माझ्यामागे चार माणसं उभी. आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांचा एक हात चालत होता, त्या हाताने ते चादर वर ओढायचा प्रयत्न करत होते आणि ती त्यांच्या हाताला येत नव्हती.

मी दार लावलं. सौदा झाला नाही, झाला असता तरी मला नको होता. दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन त्यांची माफी मागितली. सून म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं." पण मी विचारलंच नव्हतं. मुलाला मी फोनवर कार्पेट एरिया किती, पार्किंग आहे का, शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर, सोसायटीचं देणं किती बाकी, सगळं विचारलं होतं. घरात कोण आहे, हे विचारलं नव्हतं.

तेव्हापासून व्हिजिटच्या आदल्या दिवशीच्या फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला होता: "उद्या त्या वेळी घरात कोण कोण असेल, आणि कुठल्या खोलीत?" कुणी आजारी असेल, बाळंतीण असेल, दहावीचं मूल अभ्यासाला बसलेलं असेल, तर ती खोली शेवटी, दारावर टकटक करून, पार्टीतल्या एकाच माणसाने बघायची; नाहीतर नुसती मापं सांगायची. त्या खोलीचा आग्रह धरणारी पार्टी मला कधीच भेटली नाही. कारण सांगितलं की लोक समजतात.

दलाली पार्टीकडून येते म्हणता, तर ती घरमालकाकडूनही येते. आणि घरात राहणारा भाडेकरू तुम्हाला एक रुपया देत नाही, तरी दार तोच उघडतो. उद्या तो दुसरं घर शोधणार आहे. माझ्या कितीतरी भाडेकरूंनी पुढे घरं माझ्याकडूनच घेतली.

तुम्ही नवीन आहात म्हणून एक कोरडी गोष्ट. महारेराकडे, म्हणजे आपल्या राज्याच्या रेराकडे, नोंदवलेल्या प्रकल्पांतली घरं विकायची असतील तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली तुमची स्वतःची एजंट म्हणून नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. ती देऊन टाका. कोलशेतला नवीन टॉवरशिवाय काम पुरणार नाही.

पार्टी घर बघायला आली की चहा विचारायचा का? सासूबाई म्हणतात, आलेल्याला नुसतं पाठवू नये.
— कळवा

पाण्याचा तांब्या आणि ग्लास टेबलावर ठेवा, ऊन असेल तर तेवढं पुष्कळ. चहा नको. चहा घेतला की माणूस भिडेला पडतो, दोष दिसले तरी बोलत नाही, आणि भाव सांगताना दोन्ही बाजूंना अवघड होतं. सौदा ठरल्यावर सासूबाईंच्या हातचा पोटभर पाजा.

नेरुळला एक फ्लॅट बघितला, आत भाडेकरू कुटुंब होतं. त्यांना सहज विचारलं, "पावसात गळतं का?" तर एजंटनेच मधे घाईने "नाही, नाही" म्हटलं आणि ते गृहस्थ गप्प झाले. राहणाऱ्यांना असं विचारणं गैर आहे का? घर आम्हाला आवडलंय.
— सानपाडा

गैर नाही. घराबद्दल सगळ्यात खरं त्यांनाच माहीत असतं. पण त्यांना अडचणीत टाकेल असं विचारू नये. भाडं किती देता, कधी सोडणार, मालक कसे आहेत, हे त्यांना विचारायचे प्रश्न नाहीत. करार कधी संपतो ते मालकाला विचारा आणि कागदावर बघा, कारण ताबा मिळणं त्यावर आहे.

गळतीचा प्रश्न मालकाविरुद्ध साक्ष द्यायला लावणारा झाला, म्हणून ते गप्प झाले. असं विचारून बघा: "पाणी किती वाजता येतं? पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालता? कपाट भिंतीपासून लांब का ठेवलंय?" या प्रश्नांना कुणी घाबरत नाही, आणि कुबट भिंत असेल तर उत्तरात ती येते. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर छताचे कोपरे बघा. नुकताच एकाच कोपऱ्यात रंग लागलेला दिसला तर सोसायटीकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम कधी झालं, हे विचारा. ते रेकॉर्डवर असतं.

आणखी एक व्हिजिट मागा, जोरदार पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी. भाडेकरूंना आदल्या दिवशी कळवायला सांगा, आणि त्यांना सोयीची वेळ असेल तीच घ्या.